मांडीवर ठेवलेले हात

मी रजिस्टर लग्न केलं. नवरा हिंदू, तो बाप्तिस्मा घेणार नव्हता आणि मी त्याला घ्यायला सांगणार नव्हते. एवढ्यावरून चर्चच्या पंचकमिटीने मला प्रभुभोजन बंद केलं. पत्र बाबांच्या हस्ताक्षरात आलं, कारण कमिटीचे सचिव तेच. राग आला की मी हट्टाला पेटते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कर्वेनगरहून विश्रांतवाडीचं चर्च गाठून आईशेजारी बसायचेच.

आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षारसाचे इवलेसे पेले तबकात मांडतात आणि पंच बाकाबाकाशी जाऊन ते पुढे धरतात. ज्याला बंदी, त्याने हात मांडीवर ठेवायचे, सगळ्यांच्या देखत. मी ठेवायचे. आईही ठेवायची. "साखर वाढलीये गं," म्हणायची. मी वेडी, तिला कारल्याचा रस पाठवत होते.

त्या रविवारी आमच्या बाजूचे पंच आले नव्हते, म्हणून तबक घेऊन बाबाच आले. आमच्या बाकावर आम्ही दोघीच. आताशा तिथे दुसरं कोणी बसत नसे. मी हात उचलले नाहीत. आईने तबकाची कड धरली.

"अहो, दोघींना द्या, नाहीतर पुढे व्हा."

"तू तरी घे," बाबा पुटपुटले.

"दोन वर्षं घेतलं नाही मी. साखरेमुळे नव्हे."

मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. द्या ना बाबा, एकदा तरी द्या, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. बाबांनी तबक सोडवून घेतलं आणि पुढच्या बाकाकडे गेले. त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला. खोटं कशाला सांगू?

सगळ्यांचं झालं की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, शेवटी पंचांना देतात. बाबांनी पेला घेतला, बराच वेळ हातात धरला आणि तसाच भरलेला तबकात ठेवला.

"का हो?" पाळकांनी दबक्या आवाजात विचारलं. पण चर्चमध्ये इतकी शांतता होती की आम्हाला ते ऐकू आलं.

"मुलीचं पत्र मी लिहिलं होतं," बाबा म्हणाले. "माझं आता दुसऱ्या कोणाला तरी लिहायला सांगा."

पंचांच्या खुर्चीकडे न जाता ते सरळ आमच्याकडे आले. आईने सरकून जागा केली. ते बसले आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले.