शेवटचा अंक आधी

मी रत्नागिरीत हाडांचा दवाखाना काढायचं ठरवलं तेव्हा मुंबईतल्या माझ्या सोबत्यांनी मला जवळजवळ श्रद्धांजलीच वाहिली होती. ‘तिकडे जाऊन तुझं शिक्षण गंजणार,’ असं एकाने तर तोंडावर सांगितलं. मला असा राग आला की दवाखान्याची पाटी लागायच्या आधी मी विलायतेतल्या एका शस्त्रक्रियेच्या मासिकाची वर्गणी भरून टाकली. गंजतो काय! जगात हाडांबद्दल जे काही नवीन लिहिलं जात होतं ते मी माळनाक्याजवळच्या माझ्या आठ खाटांच्या दवाखान्यात बसून वाचणार होतो.

मासिक यायचं बोटीने. विमानाचं टपाल मला झेपणारं नव्हतं. तिथे छापलेला अंक माझ्या हातात पडायला चार-पाच महिने लागत, आणि तेही रांगेने येतील तर शपथ! एखादा अंक कुठल्यातरी बंदरात अडकून बसायचा, त्याच्या मागचे पुढे यायचे, आणि एखाद्या दिवशी पोस्टमन तीन गुंडाळ्या एकदम टेबलावर टाकून पाणी मागायचा.

माझा नेम मात्र कडक होता. अंक क्रमाने वाचायचे. मधला आला नसेल तर पुढचा फोडायचा नाही, खाकी वेष्टनासकट काचेच्या कपाटात ठेवून द्यायचा. कुठलाही वाद पहिल्यापासून समजला पाहिजे, असं माझं म्हणणं. वाचताना मी वहीत लाल-निळ्या शाईने टिपणं काढायचो आणि त्या वहीचा मला मोठा अभिमान होता. बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, “अहो, ती काय कादंबरी आहे, मधलं प्रकरण हरवलं म्हणून पुढचं वाचायचं नाही?”

“तुला नाही कळायचं,” मी म्हणायचो. हे वाक्य तेव्हा माझ्या तोंडात बसलेलंच होतं.

त्या वर्षी शिमग्याला घरी आलेला एक खलाशी माझ्याकडे आला. आला म्हणजे, चौघांनी बाकड्यावर घालून आणला. पावसच्या पुढच्या एका गावातला, चाळिशीचा, मालवाहू जहाजावर काम करणारा माणूस. उजव्या पायाची नडगी मधोमध मोडली होती. “पंधरा वर्षं दर्यावर काढली ओ डॉक्टर,” तो म्हणाला. “वादळात डेकवर उभा राहिलो. आणि पडलो कुठे, तर घरच्या चिऱ्याच्या पायरीवर!” कळ मस्तकात जात असताना स्वतःवर हसणारा माणूस मला आवडतो. त्याची बायको मात्र हसत नव्हती. ती पदराचं टोक मुठीत धरून माझ्याकडे टक लावून बघत होती.

गणपती झाले की त्याला पुन्हा जहाजावर चढायचं होतं. त्याआधी मुंबईत कंपनीचा डॉक्टर तपासणार, शिड्या चढायला लावणार, उकिडवं बसायला लावणार. पायात खोट निघाली की नाव कटलं. घरी म्हातारी आई होती, तीन मुली होत्या. “हा पाय गेला तर जमिनीवर मी करू काय?” त्याने विचारलं, आणि या वेळी तोही हसला नाही.

मी तिथल्या तिथे ठरवलं. प्लेट! हाड उघडायचं, जुळवायचं, वर पोलादी पट्टी ठेवून स्क्रू मारायचे. त्याबद्दल मी अंकामागून अंक वाचले होते, माझी अर्धी वही त्यानेच भरली होती. मुंबईहून हत्यारांचा नवा संच आणला होता आणि तो अजून वापरलाही नव्हता. खोटं कशाला बोलू, माझे हात शिवशिवत होते. सूज उतरेपर्यंत पाय उंच बांधून ठेवायचा आणि पुढच्या गुरुवारी ऑपरेशन, असं मी जाहीर केलं. भूल देणारे डॉक्टर चिपळूणहून येणार होते.

बुधवारी सकाळी मी पाय बघायला गेलो. त्याची खाट माझ्या कपाटासमोरच होती.

“डॉक्टर, ती पत्रं कधीची पडलीत? फोडली नाहीत ती?”

“पत्रं नव्हेत, अंक आहेत,” मी म्हटलं, आणि माझा नेम त्याला ऐटीत समजावून सांगितला. मधला एक अंक यायचा आहे, म्हणून पुढचे तीन तसेच ठेवलेत वगैरे.

तो हसायला लागला. “आमचं उलटं बघा. जहाज बंदराला लागलं की घरची पत्रं गठ्ठ्याने मिळतात. आमच्यातला कोणीही घ्या, शिक्का बघतो आणि शेवटचं आधी फोडतो. मी एकदा शहाणपणा केला. पहिल्यापासून वाचायला बसलो. पहिल्यात वडील आजारी. दुसऱ्यात वडलांना उतार पडलाय. तिसऱ्यात म्हणे, भूक लागते, हिंडतात फिरतात. मी एवढा खूश झालो, की चौथं तसंच खिशात घालून बाजारात गेलो आणि त्यांच्यासाठी गरम शाल घेतली. परत येऊन चौथं फोडलं, तर म्हाताऱ्याला जाऊन महिना झालेला.”

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. हा माणूस मला माझंच काम शिकवतोय की काय? “हे शास्त्र आहे, घरची पत्रं नव्हेत,” असं फणकाऱ्याने म्हणून मी बाहेर पडलो.

पण डोक्यातून जाईना. बाहेरचे रोगी संपले, जेवायची वेळ टळून गेली, तरी मी कपाटासमोर येरझाऱ्या घालत होतो. शेवटी तो डोळे मिटून पडलाय असं बघून, चोरासारखा, तिन्हीतला शेवटचा अंक काढला आणि माझ्या खोलीत जाऊन वेष्टन फाडलं.

आत प्लेटचाच लेख होता. ज्यांचं वाचून मी माझी वही भरली होती त्यांच्यातलेच काही जण आता हात राखून लिहीत होते. नडगीवर मांस ते किती! चीर दिलेली जागा चिघळते, हाडाला पू धरतो, प्लेट काढल्यावर हाड पुन्हा मोडतं. कातडी फाटलेली नसेल आणि हाडाची टोकं सरळ रेषेत असतील, तर सुरी लावूच नका. काही आठवड्यांनी गुडघ्याखाली असं प्लास्टर घाला की अंगाचा भार गुडघ्याच्या घडणीवर पेलला जाईल, आणि माणसाला त्यावर चालवा. शेजारी एक्स-रे छापला होता. समोरच्या खाटेवरच्या पायाचाच म्हणून कोणी दाखवला असता तरी मी मान डोलावली असती.

माझे कान तापले. तरी एका लेखावर उडी मारणारा मी नव्हे. उरलेले दोन्ही अंक फोडले. त्यांत या बाजूने, त्या बाजूने पत्रं होती, चांगली जुंपली होती. पण अशा सरळ, बंद मोडीला सुरी नको, एवढ्यावर भांडणारेही एकमेकांना धरून होते. मी त्याचा एक्स-रे पुन्हा खिडकीशी धरला. टोकं जुळलेली होती. मग पहिल्या दिवशी मला हे का दिसलं नाही? दिसलं होतं, पण मला नवा संच उघडायचा होता.

चिपळूणला फोन करून भूलवाल्या डॉक्टरांना येऊ नका म्हणून सांगितलं आणि त्याच्या खाटेशी गेलो. बायको जवळच बसली होती. “उद्याचं ऑपरेशन रद्द,” मी म्हटलं. “मी चुकत होतो. शेवटचा अंक आधी फोडला.”

त्याने मोठ्या मनाने काही टोमणा मारला नाही. बायकोने मात्र रोखून विचारलं, “म्हणजे आता नवीन काय ते यांच्यावर करून बघणार?”

“आधी माझ्यावर करून बघणार,” मी म्हटलं.

आणि केलंही. महिनाभर त्याचा पाय मांडीपर्यंत साध्या प्लास्टरमध्ये होता. तेवढ्या दिवसांत मी कंपाउंडरला हाताशी धरून, अंकातले फोटो भिंतीला चिकटवून, ते गुडघ्याखालचं प्लास्टर माझ्याच धडधाकट पायावर तीनदा घातलं. पहिलं रुतलं, दुसरं सैल झालं. तिसरं घालून मी घरापर्यंत चालत गेलो. रस्त्यात माणसं हळहळली. बायको दारातच हसत सुटली, “हाडांचा डॉक्टर मोडला!” पण मला कळलं होतं की ओल्या प्लास्टरवर अंगठे नेमके कुठे दाबायचे. चौथं प्लास्टर खलाशाच्या पायावर चढलं ते पहिल्या झटक्यात बसलं. त्याला उभं केलं, टेकू दिला आणि म्हटलं, “टाका भार.” त्याने डोळे मिटून पाय टेकला. मग डोळे उघडले. “अरेच्चा!” एवढंच म्हणाला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पावसाळाभर तो प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून घराच्या पडवीत चालला. मुली फेऱ्या मोजायच्या. श्रावणात मी प्लास्टर कापलं. हाड जुळलं होतं, अगदी सरळ. तो माझ्यासमोर उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला. गणपती विसर्जन करून मुंबईला गेला. आठवड्याने बातमी आली की तपासणीत पास झाला आणि जहाज सुटलंसुद्धा.

त्यानंतर दोन दिवसांनी त्याची बायको नारळ घेऊन दवाखान्यात आली. मी रंगात होतो. तिला बसवलं, एक्स-रे काढून खिडकीशी धरला, कुठे मोड होती आणि आता शोधून सापडत नाही, ते दाखवलं. कंपनीच्या डॉक्टरला पत्ता लागला नसेल, असंही म्हटलं.

“तुमचे उपकार आहेत डॉक्टर,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासून हा माणूस सलग सहा महिने कधी घरात नव्हता. धाकटी त्याला बघून आत पळायची. यंदा त्याच्या कुशीत झोपायला लागली. आता रोज संध्याकाळी पडवीत जाऊन बसते.” ती हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. “पाय थोडा कच्चा ठेवला असतात तर काय बिघडलं असतं ओ?”

एक्स-रे अजून माझ्या हातातच होता.