वेड प्रुइटला घ्यायचं की नाही

एमेट लुंडग्रेनचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या हातांवर भिस्त ठेवण्यात गेला. नेब्रास्काच्या गावागावांतून बेसबॉल खेळणारी पोरं हुडकायची, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून केक खायचा, "याच्या हाताची काळजी मी घेईन" असं आयांना सांगायचं आणि पोराला आपल्या संघात आणायचं. वेड प्रुइट त्याला असाच सापडला. सतरा वर्षांचा, नुसता काडी पैलवान, पण त्याचा चेंडू झेलून समोरचा कॅचर हात झटकत बसायचा.

पुढे दुसऱ्या संघानं वेडला सोन्यानं मढवून नेलं. आता त्याच्या चेंडूंना मार पडू लागल्यावर तोच संघ त्याला कुणाच्या तरी गळ्यात बांधायला निघाला होता. कराराची अजून तीन वर्षं बाकी, सहा कोटी डॉलर. बाकीच्या संघांनी केव्हाच हात वर केले होते. एमेटच्या संघानंही नाही म्हटलं, तर बत्तिसाव्या वर्षी वेडचा खेळ संपला.

"तुम्ही बघून या," संघाची मॅनेजर नोरा म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात तर हो."

एमेटला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. सामन्याला तो पार मागच्या बाकांवर, टोपी नाकापर्यंत ओढून बसला. वेडला तो दिसता कामा नये. एमेट दिसला की हा शहाणा जीव खाऊन चेंडू टाकायचा, ही त्याची पोरवयापासूनची खोड.

तीन डाव वेड कसाबसा तगला. चौथ्यात पाहुण्या संघाच्या फलंदाजानं असा टोला हाणला, की चेंडू बाकावर आपटून थेट एमेटच्या मांडीवर. बाकांत आलेला चेंडू एरवी प्रेक्षकानं ठेवून घ्यायचा, पाहुण्यांनी मारलेला मात्र परत फेकायचा, असा तिथला रिवाज.

"ए आजोबा, फेका परत!" आजूबाजूचे ओरडले. "पाहुण्यांचा चेंडू घरी नेताय? लाज वाटत नाही?"

एमेटनं घाईघाईनं चेंडू मैदानात भिरकावला. टोपी पडली. मोठ्या पडद्यावर त्याचं टक्कल झळकलं आणि लोक खिदळले. वेडनं पडद्याकडे पाहिलं, मग वर बाकांकडे, आणि तोंडभर हसला.

"मेलो," एमेट पुटपुटला.

त्यानंतरचे दोन डाव वेडनं आग ओकली. पाच फलंदाज बॅट नुसती हवेत फिरवून परतले. लगेच नोराचा फोन आला.

"एमेट, टीव्हीवर बघतेय मी! अठ्ठ्याण्णव मैलांचा वेग! घेऊन टाकू ना?"

वेड मैदानाबाहेर जात होता. चेंडू टाकायचा उजवा हात पोटाशी धरलेला, घाम पुसायला डावा. एमेटनं ते बरोबर हेरलं. आपण तोंड दाखवलं नसतं तर हा हात इतका ताणला गेला नसता. आता हो म्हटलं, तर तो रोज असाच ताणणार, आपल्यासाठी, मोडेपर्यंत.

"नको," तो म्हणाला.

"काय सांगताय! हे आकडे?"

"ते मला दाखवायला टाकलेत गं त्यानं. हात दुखतोय त्याचा. नाही म्हणजे नाही."

सामना संपल्यावर तो मान खाली घालून निघाला होता, तेवढ्यात कठड्यापाशी वेडनं गाठलंच.

"काय म्हातारबुवा, लपून बसता होय!" त्यानं डावा हात पुढे केला. "बघितलंत ना? बायकोला फोन केलाय, बॅगा भरायला घेतल्यात तिनं. कधी निघायचं?"