मावशींनी निवडलेला कूलर

ज्या वस्तूला झाकण आहे, ती वस्तू माझ्या बायकोच्या मावशीसमोर फार वेळ बंद राहू शकत नाही. मग ते झाकण कुकरचं असो, मिक्सरचं असो, की एसटीच्या कंडक्टरच्या हातातल्या तिकिटाच्या यंत्राचं. आमच्या लग्नात बाकीचे पाहुणे नवरदेव कसा आहे ते पाहत होते, तेव्हा मावशी मंडपामागे जनरेटरवाल्याशेजारी उभ्या राहून "हा धूर इतका काळा काहून येऊन राहिला" याची चौकशी करत होत्या. मंगलाष्टकं संपली तरी त्या पुढे आल्या नाहीत. शेवटी बायकोनं हार घातलेल्या अवस्थेत मागे जाऊन त्यांच्या पाया पडून घेतलं. मात्र त्या दिवशी गावातली वीज चारदा गेली आणि आमच्या मंडपातले दिवे एकदाही गेले नाहीत.

मावशी अकोल्याच्या. मुलींच्या एका शाळेत त्या एकतीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होत्या. काका गेल्यापासून एकट्याच राहतात. त्यांच्या पर्समध्ये बाकी बायकांच्या पर्समध्ये असतं ते काहीही नसतं. एक लांब काचेचा थर्मामीटर असतो, तोही ताप बघायचा नव्हे, चंचुपात्रातल्या पाण्यात बुडवायचा. जुन्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेला. एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक वही. माठ घ्यायला एकदा त्या बाळापूरच्या एका कुंभाराकडे गेल्या, तीन माठ पाण्यानं भरायला लावले आणि दर अर्ध्या तासानं थर्मामीटर बुडवत दुपारभर तिथंच बसल्या. कुंभारानं आधी कटकट केली, मग चहा दिला, आणि शेवटी तोच त्यांच्या वहीत डोकावून "दुसरा पुढे चालला ना, बाई?" असं विचारू लागला. मावशी कोणावर रागवत नाहीत. उत्तर पटलं नाही तर तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारतात, इतकंच. थकतो तो समोरचा.

माझं अमरावतीत लग्नाचे व्हिडिओ जोडून देण्याचं काम आहे. खोली वरच्या मजल्यावर, खाली गादीवाल्याचं दुकान. गेल्या मे महिन्यात भातकुलीच्या एका लग्नाचं काम हातात होतं. नवरीची आजी घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलेलं, त्यामुळे घरचंच लग्न असून तिला मंडपात येता आलं नव्हतं. नवरी गुरुवारी नवऱ्याबरोबर त्याच्या नोकरीच्या गावी, पार दुसऱ्या राज्यात निघणार होती. त्याआधी आजीजवळ बसून तिला पूर्ण लग्न दाखवायचं, एवढीच तिची मागणी होती, आणि मी हो म्हणून बसलो होतो. पण माझा संगणक सगळा व्हिडिओ एकत्र करायला बसला की अकराव्या मिनिटाला तापून बंद पडायचा. नेमका एकाच जागी. नवरदेवाचा हात हारासकट हवेत, आणि पडदा काळा. असं नऊ वेळा झालं.

शनिवारी मावशी मूर्तिजापूरमार्गे एसटीनं आमच्याकडे आल्या त्या लोणच्याच्या कैऱ्या घेऊन. कैऱ्या स्वयंपाकघरात ठेवून त्या माझ्या खोलीत आल्या आणि दहावा प्रयत्न त्यांनी माझ्यामागे उभं राहून पाहिला.

"लग्न लागून नाई राहिलं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की प्रोसेसर तापतो, त्याच्यावरचा कूलर कमी पडतो, आता मोठा आणावा लागेल. आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याच्या जाळीचा. संगणकाच्या पोटातही एक कूलर असतो हे ऐकून मावशींचा चेहरा असा उजळला, की मला लोणच्याची काळजी वाटू लागली.

"जावईबापू, तुमी थोडे बाजूले सरका," त्या म्हणाल्या.

पडद्यावर प्रोसेसरचं तापमान अठ्ठ्याण्णव दिसत होतं. त्यावर त्यांचा विश्वास बसेना. "तो सोताचा ताप सोताच सांगून राहिला. हे कसं मानाचं?" म्हणून त्यांनी आपला थर्मामीटर खोलीत टांगला. एकेचाळीस. मग तोच संगणकाच्या डब्याच्या मागच्या जाळीशी धरला. छप्पन्न. दोन्ही आकडे वहीत गेले. नंतर झाकण निघालं आणि मी खाली मान घातली. खालच्या गादीवाल्याकडे दिवसभर कापूस पिंजला जातो. त्याचा जेवढा धुरळा वर उडाला तेवढा सगळा पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये जाऊन बसला होता. मावशींनी चिमट्यानं तो ओढला तर एका तुकड्यात निघाला, छोट्या गादीसारखा. "या उन्हाळ्यात तुमी त्याले रजई पांघरून ठेवली," एवढंच त्या बोलल्या. सफाईनंतर आम्ही पुन्हा प्रयत्न केला. या वेळी हार नवरीच्या कपाळापर्यंत पोचला, मग पडदा काळा.

म्हणजे नवा कूलर लागणारच होता. रविवारी सकाळी मी दुकानात जायला निघालो तर मावशी जुन्या लग्नपत्रिका कात्रीनं कापत बसल्या होत्या. डबा उघडून, आतल्या मदरबोर्डच्या पाटापासून झाकणापर्यंत किती जागा आहे ते मोजून त्यांनी तेवढ्याच उंचीची पुठ्ठ्याची पट्टी कापली होती. साडेतेरा सेंटिमीटर. शेजारी मेमरीच्या पट्ट्या कुठं आडव्या येतात त्याचीही आकृती वहीत होती. मी गेली आठ वर्षं तो डबा वापरतोय. त्याच्या आत जागा किती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला, सभ्य माणूस होता. त्यानं प्रोसेसर कोणता ते विचारलं आणि एक उंच, दोन पंख्यांचा कूलर समोर ठेवला. मावशींनी पर्समधून पट्टी काढून त्याला लावली. पट्टी खांद्यापर्यंतच आली.

"झाकन लागनार नाई."

"उघडं ठेवा की, बाई. हवा जास्त खेळते."

"अन् खालचा कापूस?"

दुकानदारानं तो उचलून ठेवला आणि पाण्यावर चालणारा काढला. नळ्या, रंगीत दिवे, सगळा थाट. खरं सांगायचं तर माझं मन त्याच्यावरच होतं.

"पानी कवा बदलाचं?" मावशींनी विचारलं.

"बदलावं लागत नाही. आत बंद असतं."

"आटलं तं?"

"आटत नाही."

"अकोल्यात आटते," मावशी म्हणाल्या. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मला वाटतं त्या कालपासून मनात धरून बसल्या असाव्यात. "हे प्रोसेसरची गरमी काढते म्हनता. मंग ते गरमी जाते कुठी?"

"बाहेर जाते."

"बाहेर म्हनजे?"

"म्हणजे डब्यात."

"अन् डब्यातून?"

"मागच्या पंख्यातून खोलीत."

"अन् खोलीतून?"

दुकानदारानं चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकानं त्याला डब्याच्या बाहेर कधी नेलं नसावं. थोडा विचार करून तो प्रामाणिकपणे म्हणाला, "खोलीतून कुठं जाते ते तुम्ही पाहायचं, बाई."

"म्हनजे कूलर कोनताबी घेतला तं खोलीच्या खाली तो काई जानार नाई," मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या. "खोली एकेचाळीस, तं तुमचा प्रोसेसर चाळीस व्हाचा नाई. तो फक्त गरमी उचलून दुसरीकडे ठेवते. हमाल हाय तो."

त्यानंतर दुकानदारही त्यांच्या बाजूनं विचार करू लागला. त्यानं आतून एक मध्यम उंचीचा, चार तांब्याच्या नळ्यांचा, एका पंख्याचा कूलर आणला. पट्टीपेक्षा बोटभर बुटका. "याला दिवे नाहीत," तो जरा ओशाळून म्हणाला. मावशी म्हणाल्या, बरं आहे, आत बसून पाहायला कोण आहे. मग त्यांनी नळ्या भरीव आहेत की पोकळ ते विचारलं. दुकानदार म्हणाला, पोकळ. आत थेंबभर पाणी असतं, खाली तापलं की वाफ होऊन वर जातं, वर निवलं की पाणी होऊन परत येतं. मावशींनी कूलर दोन्ही हातांत घेतला आणि एका नळीवरून बोट खालून वर, वरून खाली फिरवलं. नंतर हळूच म्हणाल्या, "एवढ्या नळीत ढग हाय, पाऊस हाय." रिक्षातही तो त्यांनी मला धरू दिला नाही.

घरी आल्यावर त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. त्यावर स्क्रू मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं, मग कूलर अडकवायच्या धातूच्या पट्ट्या, मग प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या मलमाची नळी, फडकं, शेवटी कूलर. सगळं एका रेषेत. मग त्या दोन पावलं मागे सरकल्या, हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घ्या जी. मांडलं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. एकतीस वर्षं त्यांनी रोज प्रयोग मांडून दिला होता आणि केला होता दुसऱ्यांनी; आधी बाईंनी, मग मुलींनी. झाल्यावर काचा धुवायला पुन्हा मावशी.

"मावशी, तुमीच करा," मी म्हटलं.

"मी?"

"मले नाही जमणार."

त्यांनी पदर खोचला. मलम मटराच्या दाण्याएवढं लावायचं असं दुकानदारानं सांगितलं होतं. मटर ओला की वाळका, हे त्यांनी तिथंच विचारून घेतलं होतं. कूलर बसवणार इतक्यात त्या थांबल्या. त्याच्या बुडाला एक पारदर्शक कागद चिकटलेला होता. "हा काहून लावला?" असं म्हणत त्यांनी तो नखानं सोलून काढला. तो काढायचा असतो हे मला माहीत होतं, पण मी बसवत असतो तर तो तसाच राहिला असता, हेही मला माहीत आहे.

मी म्हटलं, आता पहाटे गारव्यात चालवून पाहू. मावशी नको म्हणाल्या. "पाहाटे तं कोनीबी पास होते. दुपारी तीन वाजता परीक्षा घ्या." सोमवारी तीन वाजता, बाहेर रस्ता ओस पडलेला असताना, आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. प्रोसेसर ब्याऐंशीवर गेला, चौऱ्याऐंशीवर गेला आणि तिथंच थांबला. अकरावं मिनिट आलं. नवरदेवाचा हात वर गेला, हार खाली आला आणि नवरीच्या गळ्यात पडला. मावशींनी वहीत लिहिलं, "लागलं."

बुधवारी त्या माझ्यासोबत भातकुलीला आल्या. आजी खाटेवर उशीला टेकून बसली होती, नवरी तिच्या पायथ्याशी. हार गळ्यात पडला तेव्हा आजीनं पडद्याकडे पाहत बोटं कानशिलावर मोडली. मावशी दाराशी उभ्या राहून पडद्याकडे नव्हे, त्या दोघींकडे पाहत होत्या.

त्यानंतर माझा संगणक एकदाही बंद पडला नाही. पावसाळा गेला, लग्नाचा नवा हंगाम आला, सगळं सुरळीत. आणि सुरळीत असल्यामुळे मावशींना बोलावण्याचं काही निमित्तच उरलं नाही. यंदाचं लोणचं त्यांनी कोणाहाती तरी पाठवून दिलं. बायको म्हणाली, आताशा फोनवर कमी बोलतात, गुडघे दुखतात म्हणे, बाहेर पडणं होत नाही. कारणाशिवाय या म्हटलं तर त्या येणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात मी फोन केला. म्हटलं, मावशी, तो कूलर आवाज करून राहिला.

"कसा आवाज?" पलीकडून लगेच आलं.

"खरखर म्हणा. घरघर म्हणा."

"फोन त्याच्याजवळ धरा."

मी फोन डब्याजवळ नेला. संगणक मी सुरूच केलेला नव्हता. खाली गादीवाल्याचंही दुकान त्या दिवशी बंद होतं. मी तसाच वाकून उभा राहिलो. मावशी ऐकत होत्या. थर्मामीटर वाचताना एका अंशाचीही सूट न देणारी ती बाई बराच वेळ ऐकत राहिली.

"हो," त्या म्हणाल्या. "येऊन राहिला आवाज. शुक्रवारी येतो मी."