नापासमामांची शिट्टी

आमचे मामा धान्याच्या गोदामात माल तपासायचे. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, तिच्यातून आलेला गहू तळहातावर घ्यायचा आणि बहुतेक वेळा नकारार्थी मान हलवायची. म्हणून सगळा बाजार त्यांना नापासमामा म्हणायचा. संशय खरा ठरला की मामा खुशीत शिट्टी वाजवायचे. मामीला त्या शिट्टीचा भयंकर राग. घरात वाजवली की मामांची रवानगी गॅलरीत.

निवृत्तीनंतर खोकला जाईना म्हणून स्कॅन केला, तर फुप्फुसाच्या अगदी काठाला वाटाण्याएवढी गाठ दिसली. ती साधी की कॅन्सरची, हे तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. डॉक्टरबाईंनी दोन मार्ग सांगितले. तोंडातून श्वासनळीत दुर्बीण घालायची. त्यात धोका कमी, पण ती काठापर्यंत पोचेलच असं नाही. किंवा स्कॅनवर बघत बरगड्यांमधून सुई घालायची. तिचा नेम चांगला, पण फुप्फुसातून हवा गळायची भीती.

"सुईच!" मामांनी लगेच निकाल दिला.

"भोक पाडून घ्यायला तुम्ही काय पोतं आहात?" मामी कडाडली. "दुर्बीण."

कुठल्या व्यापाऱ्याला न घाबरलेले मामा मुकाट्याने दुर्बिणीला तयार झाले.

रिपोर्ट आला: कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. मामी आनंदाने रडली. मी फोन करून सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं. मामा मात्र तोंड पाडून बसलेले. मला संतापच आला. या माणसाला आनंदसुद्धा तपासून घ्यायचा असतो!

त्यांनी डॉक्टरबाईंना गाठलं. "तुकडा गाठीतलाच होता का?"

"बहुतेक शेजारचा," बाई म्हणाल्या. "दुर्बीण नीट पोचली नाही. या रिपोर्टवर मीही निर्धास्त नाही."

"तोंडाशी चांगला गहू भरलेली पोती ढिगाने पाहिलीत मी. सळई आत गेलीच नाही, तर माल पास कसा करू?"

मामीने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्यांचा शर्ट काढून ठेवला. "चला, घ्या टोचून. पण हवा गळली तर बघा!"

हवा थोडी गळलीच. "पोतं टोचलं की चार दाणे सांडायचेच," असं म्हणत मामांनी पलंगावरून मामीचीच समजूत घातली.

या वेळी रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला. लहान होता, वेळेत सापडला होता. मामांचा संशय खरा ठरला होता, पण शिट्टी काही वाजली नाही.

"आयुष्यात पहिल्यांदाच," ते मला म्हणाले, "माल चांगला निघावा असं वाटत होतं गं." मला रडू आवरेना.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, कुठे पसरलेलीही नव्हती. डॉक्टरबाई हे सांगून वॉर्डाबाहेर गेल्या आणि मामी मामांच्या कानाशी वाकली.

"वाजवा आता."

मामांनी ओठ गोल केले. नुसती फुस्सकन हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मामीने इकडेतिकडे पाहिलं आणि अख्खा वॉर्ड दणाणेल अशी खणखणीत शिट्टी वाजवली.

नर्स धावत आली. "कोण आहे ते?"

मामीने शांतपणे मामांकडे बोट दाखवलं.