जबानीतली लावणी

न्यायाधीशांनी तिला विचारले, "मारहाण करायचे का?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

माझी पत्नी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. घटस्फोटाचा दावा तिने लावला होता. तिने पदर सारखा केला आणि कोणाकडेही न पाहता चार वाक्ये सांगितली.

"यांच्या वहाणेची करकर गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची. ती ऐकली की माझा लाटता हात थांबायचा. आज काय चुकलं असेल ते आठवत मी उभी राहायची. अकरा वर्षांत मी दाराकडं पाठ करून एकदाही बसले नाही."

कोर्टात कोणी हसले नाही. लेखनिकाने वाक्ये लिहून घेतली. पुढच्या तारखांना वकिलांनी पुष्कळ युक्तिवाद केले, पण निकाल त्या चार वाक्यांनीच लागला, असे मला वाटते.

सत्तरचे दशक संपत आले होते. मी कोल्हापुरात एका शाळेत मराठी शिकवत असे आणि लावण्या लिहीत असे. दोन्ही कामे सारख्याच शिस्तीने करत असे. वहाणेच्या तळव्यात बी घालून ती वाजती करवून घेण्याची आमच्याकडे रीत आहे. माझी वहाण गल्लीत सर्वांत मोठ्याने वाजे. शाळेच्या व्हरांड्यात ती वाजू लागली की सात वर्ग एकामागून एक गप्प होत. तो मी माझ्या शिकवण्याचा गुण समजत होतो.

निकालानंतर दोन महिने मला एक ओळ सुचली नाही. माझ्या लावण्या ज्या संगीत पार्टीत गायल्या जात, तिची मालकीण आणि मुख्य गाणारी एक पन्नाशीची बाई होती. तिचे निरोपावर निरोप येत होते. नवी लावणी हवी होती, हंगाम तोंडावर होता. एका रविवारी मी ट्रंक उघडली आणि कोर्टातून घेतलेली जबानीची नक्कल बाहेर काढली. ती मी का काढून घेतली होती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

लावणी पुरुषाने लिहायची आणि बोलायची मात्र बाईच्या तोंडून, ही आमची जुनी वहिवाट आहे. तिच्यात मला कधी काही गैर वाटले नव्हते. नक्कल समोर ठेवून मी लिहू लागलो आणि एका बैठकीत लावणी पुरी झाली.

करकर वाजते वहाण, राया, गल्लीच्या तोंडाशी,
लाटता हात थांबे माझा पोळी-पाटाशी.

पुढे कडवे होते:

दाराकडं पाठ माझी कधी झाली न्हाई,
तुमच्या वाटंवाचून डोळ्यां दुसरं काम न्हाई.

तिची तीन वाक्ये मी जवळजवळ जशीच्या तशी घेतली. एक वाक्य वगळले. आज काय चुकले असेल ते आठवत ती उभी राहायची, त्या जागी मी तिला वाट पाहायला उभी केली. वगळलेले वाक्य लावणीत बसत नव्हते, अशी मी मनाची समजूत घातली. शेवटच्या कडव्यात रिवाजाप्रमाणे माझी नाममुद्रा घातली: अमुक कवी म्हणतो, धन्य अशी प्रीत. लिहून झाल्यावर मला समाधान वाटले, हेही नमूद केले पाहिजे. आपल्या दुःखाचे आपण काहीतरी केले, असे वाटले.

लावणी चालली. 'लाटता हात थांबे' या शब्दांवर बाई हवेतले लाटणे हवेतच थांबवत असे आणि थिएटरभर शिट्ट्या उठत. महिन्याभरात लग्नाच्या वरातीत बँडवाले तिची चाल वाजवू लागले. सहकारी शिक्षकांनी मला चहा पाजला.

मग एके संध्याकाळी थिएटरच्या बाहेरच्या टपरीवर कोर्टातला तो लेखनिक भेटला. बशीत चहा ओतत तो म्हणाला, "मास्तर, लावणी झ्याक हाय. पर कुठंतरी ऐकल्यागत वाटतीया की."

मी म्हणालो, "चाल जुनी आहे."

"चाल न्हवं हो. शब्द." त्याने बशी तोंडाला लावली आणि बशीवरून माझ्याकडे पाहिले. "मी सोताच्या हातानं लिवल्यागत वाटत्यात."

तो हसला. चहा मी घेतला नाही.

घरी येताना माझी वहाण मला प्रथम ऐकू आली. आजवर ती दुसऱ्यांनी ऐकायची होती. दुसऱ्या दिवसापासून मी कवायतीचे कॅनव्हासचे बूट घालून शाळेत जाऊ लागलो. परिणाम असा झाला, की मी दारात जाऊन उभा राही तेव्हा वर्ग बोलत असे. मला पाहून मुले दचकत. ते दचकणे मला पाहवत नसे. फळ्याकडे तोंड करून मी तारीख लिहीत असे.

घटस्फोटानंतर ती गडहिंग्लजला भावाकडे गेली होती आणि तिथल्या मुलींच्या शाळेत तिला नोकरी लागली होती, एवढे मला ठाऊक होते. लेखनिक भेटल्यानंतर आठवड्याने बाईचे पत्र आले: गडहिंग्लजला मुक्काम आहे, शनिवारी दुपारी फक्त बायकांसाठी खेळ आहे, गावातल्या शिक्षिकांना पास वाटले आहेत, नव्या लावणीला मोठी मागणी आहे, मास्तरांनी अवश्य यावे.

मी ते पत्र दोनदा वाचले. कोर्टात बंद खोलीत सांगितलेले शब्द तिच्यासमोर, तिच्या मुख्याध्यापिकेसमोर, घुंगरांच्या तालावर म्हटले जाणार होते. तिने ते ओळखले नाहीत, असे होणार नव्हते. माझ्या गाण्यांची सुवाच्य प्रत अकरा वर्षे तीच करत असे. माझा कोणता शब्द कुठून आला आहे, हे माझ्याआधी तिला कळे. लेखनिकासारखा एखादा तिथेही निघाला, की एका घटस्फोटित शिक्षिकेला गाव काय म्हणेल, याचा मी विचार केला. परंतु खरे सांगायचे तर तो विचार मागाहून आला. आधी मला दिसले ते असे: ती खुर्चीवरून उठते आणि भर तंबूत माझे नाव घेऊन सांगते, की हे वाक्य मी असे म्हटले नव्हते.

शनिवारी सकाळची एस.टी. पकडली. लावणी थांबवायची, एवढेच ठरवले होते. बाई थांबवील याची खात्री नव्हती. निपाणीच्या पुढे एक शेतकरी शेजारी येऊन बसला. गुडघ्यावर ठेका धरून तो तीच लावणी गुणगुणत होता.

"पावणं, ही ऐकलीया का न्हाई?" त्याने मला विचारले.

"नाही."

"मग काय ऐकलंसा आयुष्यात! आज बायकांचा खेळ हाय गडहिंग्लजला. आमची कारभारीन सकाळधरनं नटून बसलीया. म्हणतीया, त्यो राया कसा असंल बगायचाय." तो स्वतःच्या बोलण्यावर मोठ्याने हसला. "म्या म्हनलं, माझी बी वहाण वाजतीया की! तर म्हणतीया, तुमची वाजली की म्हशी उठून हुभ्या ऱ्हात्यात."

आसपासचे प्रवासी हसले. बस दोनदा थांबली तेव्हा उतरून परत फिरावे, असे वाटले. उतरलो नाही.

तंबू बाजारपटांगणावर होता. बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. मी मागच्या बाजूने गेलो. रंगपटाची कनात अर्धी वर गुंडाळलेली होती. आत बाई चेहऱ्याला रंग लावत होती. तिच्यासमोर, माझ्याकडे पाठ करून, एक स्त्री लोखंडी ट्रंकेवर बसून चहा पीत होती. सुती साडी, छोटा अंबाडा. ती काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता हसली.

कोण आहे हे लक्षात यायला मला वेळ लागला. तिची पाठ मी कधी पाहिली नव्हती.

मी म्हणालो, "बाई."

पाठमोरी होती ती ताडकन उठली. कप खाली पडला. तिने वळून पाहिले, आणि तो चेहरा मी पाहिला. अकरा वर्षे वहाण तिला आधी सावध करत आली होती. मी दारात पोचेपर्यंत तिने चेहरा सारखा केलेला असे. त्या दिवशी माझ्या पायांत कॅनव्हासचे बूट होते. जबानीत जे ऐकले होते, ते समोर होते. मी एक पाऊल मागे सरकलो.

"मास्तर!" बाई आरशातून म्हणाली. "आज मांजरागत आलासा की. वहाण कुणी चोरली का काय?"

पत्नीने खाली वाकून कप उचलला, ट्रंकेवर ठेवला. मी हात पाठीमागे धरले.

"लावणी बंद करायला आला असाल," ती म्हणाली.

"होय."

"बंद करू नका. माझ्या पाचवीच्या मुली खेळाच्या तासाला म्हणतात. वरातीत वाजते. तुम्ही बंद केलीत तरी लोकांच्या तोंडी राहील ती तुम्ही लिहिलीत तशीच. मी बाईंना तेच सांगायला आले. मी म्हटलं ते निम्मं घेतलंय, उरलेलं घाला म्हणून."

बाईने रंगाचा हात पुसला. "ताई मगाधरनं तेच सांगत्यात. काय वगळलंसा, मास्तर?"

वाक्य मला पाठ होते. ते तिच्यादेखत उच्चारताना माझा आवाज मला ओळखू आला नाही. "आज काय चुकलं असेल ते आठवत मी उभी राहायची."

बाई आरशाकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "आन् ह्यावर तुमी मला मुरके मारायला लावलंसा व्हय!"

मी म्हणालो, "ते घातले तर ती लावणी राहणार नाही."

"बायकांचा खेळ हाय. शिट्ट्या कोण मारणार हाय हितं? लिवा."

मी खिशातून कागद काढला. ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती. पूर्वी प्रत करताना शब्द अडला की ती असाच, दुसरीकडे पाहत, सांगत असे.

"'राया' खोडा. मी कधी म्हटलं नाही."

"ताई, लावणीत राया न्हाई म्हंजे कालवणात मीठ न्हाई," बाई म्हणाली.

"मग अळणी म्हणा."

मी 'राया' खोडून 'बाई' लिहिले. पुढच्या कडव्याची दुसरी ओळ बदलली. शेवटच्या कडव्यापाशी थांबलो.

"तिथं तुमचं नाव असतं," ती म्हणाली.

"असते. ते काढतो."

"काढू नका. वहाण कुणाची, ते नको का कळायला?"

मी तिला विचारले, "आणि शाळेत कळले तर?"

"मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत बसल्यात. कळलं तर कळलं. मला भ्यायचं होतं तेवढं मी भ्याले."

प्रीतीची ओळ खोडून मी नवी लिहिली: ही वहाण ज्याची वाजे, तो अमुक कवी. माझे नाव लिहिताना पेन्सिलीचे टोक मोडले. बाईने भुवया रंगवायची आपली काडी पुढे केली. त्या काडीने मी नाव पुरे केले.

बाई खेळाच्या मध्यावर ती लावणी म्हणाली. ढोलकीला तिने हाताने थांबवले. नुसता पेटीचा सूर ठेवला आणि उभ्या जागी, न नाचता, म्हणाली:

करकर वाजते वहाण, बाई, गल्लीच्या तोंडाशी,
लाटता हात थांबे माझा पोळी-पाटाशी.
दाराकडं पाठ माझी कधी झाली न्हाई,
आज माझं चुकलं काय, तेच कळत न्हाई.

तंबूत पाच-सहाशे बायका असतील. पहिल्या ओळीला काही हसल्या होत्या. चौथ्या ओळीनंतर एक मूल रडत होते तेवढाच आवाज उरला. मग मधूनच एका बाईचा आवाज आला, "परत म्हण की गं ते." बाईने परत म्हटले. तिसऱ्यांदा म्हणायला लावले, तेव्हा मागच्या रांगांतून इतर बायकांचे आवाज तिच्यात मिसळले होते. इतकी वर्षे लिहिले, परंतु माझ्या शब्दांना इतके भिऊन मी कधी उभा राहिलो नव्हतो. या सगळ्यांच्या घरी कोणाची ना कोणाची वहाण वाजत असणार.

ती पडद्याच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून उभी होती. शेवटचे कडवे आले. माझे नाव आले. समोरच्या काळोखात कोणीतरी चुकचुकल्यासारखा आवाज केला. तिने नाव संपेपर्यंत ऐकले, पदर खांद्यावरून घेतला आणि कनातीच्या फटीतून उन्हात बाहेर पडली. वळून पाहिले नाही.

एस.टी. स्टँडचा रस्ता तोच होता आणि माझी गाडी सुटायची होती. मी रंगपटातच थांबलो. माझ्या बुटांना आवाज नव्हता. मागून कोणी येत आहे, हे तिला कळले नसते.