ओन्ताकेची दक्षिण बाजू

चौऱ्याऐंशी साली मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यात जपानी बोलता येणाऱ्या मोजक्या मुलींपैकी एक होते. चार वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी ती भाषा शिकले होते. वडील विचारायचे, "या भाषेत तू बोलणार कोणाशी? आरशाशी?" मग खडकीच्या पुढे, मुंबई रस्त्यावरच्या एका कारखान्याने जपानी यंत्रं मागवली. ती बसवायला तिकडून एक इंजिनिअर आले आणि त्यांची दुभाषी म्हणून मला नोकरी लागली. पहिले सहा महिने कच्ची, काम पटलं तर पक्की.

इंजिनिअर पन्नाशीचे होते. बुटके, काटक, आणि यंत्राखाली शिरताना टोपी काढून नीट बाजूला ठेवणारे. कामगार मला बाई म्हणत, ते ऐकून तेही, आपल्या 'जी'सारखा जपानी 'सान' जोडून, मला 'बाईसान' म्हणू लागले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही कँटीनमध्ये एका टेबलाशी बसायचो. माझं जपानी पुस्तकी आहे, हे त्यांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. ते म्हणाले, "रोज एका विषयावर बोलू. मला एकच विषय चांगला येतो. आमचा डोंगर."

त्यांचं गाव ओन्ताकेच्या पायथ्याशी होतं. जपानी डोंगर म्हणजे कॅलेंडरवरचा तो एकच पांढऱ्या टोकाचा, असं मला वाटायचं. त्यांनी ड्रॉइंगच्या रद्दी कागदामागे पेन्सिलने ओन्ताके काढून दाखवला. त्याला एक टोक नव्हतंच. माथ्यावर शिखरांची लांब रांग होती आणि मधे जुन्या विवरांत साचलेली पाच तळी. "एका ज्वालामुखीचं हे काम नाही," ते म्हणाले. "पहिला उभा राहिला, त्याचा माथा खचला. मग हजारो वर्षं काहीच नाही. मग त्याच जागी दुसरा." पाठ्यपुस्तकात हा डोंगर मेलेला म्हणून नोंदवला होता. पाच वर्षांपूर्वी शरद ऋतूतल्या एका सकाळी त्याच्या दक्षिण अंगाने राख आणि वाफ उसळली आणि पुस्तकं बदलावी लागली. हे सांगताना ते इतके खूश व्हायचे, जणू घरातल्या म्हाताऱ्याने डॉक्टरला खोटं पाडलं होतं.

डोंगर देवाचा. पांढरे कपडे घातलेले यात्रेकरू घंटा वाजवत चढतात आणि वाटेवर गेलेल्या माणसांच्या नावाचे दगड उभे करतात, कारण मेल्यावर जीव डोंगरातच राहायला जातो असं ते मानतात. इंजिनिअरांचा थोरला भाऊ उन्हाळ्यात या यात्रेकरूंना वर नेऊन आणायचा आणि पावसाळा सरला की दरीतल्या जंगलात अळंबी गोळा करायचा. आई त्याच्याकडेच होती.

गणपती उठून चार-पाच दिवस झाले होते. सोमवारी यंत्राची चाचणी होती आणि ती बघायला दिल्लीहून माणसं येणार होती. शुक्रवारी दुपारी टेलेक्सवरच्या माणसाने मला हाक मारली. "बाई, हे तुमचंच दिसतंय. अक्षरं इंग्रजी आहेत, पण कळत काही नाही."

रोमन अक्षरांत लिहिलेलं ते जपानी होतं. त्यांच्या कंपनीने पाठवलेलं. आज सकाळी मोठा भूकंप. ओन्ताकेची दक्षिण बाजू कोसळून दरीत आली आहे. आपले थोरले बंधू पहाटे दरीत गेले होते, ते बेपत्ता आहेत. मातोश्री सुखरूप. ताबडतोब निघावे.

मी तो कागद घेऊन कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांकडे गेले. भाषांतर करून सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"गेलेत का?"

"बेपत्ता आहेत, असं लिहिलंय."

"म्हणजे नक्की काही नाही." ते दुष्ट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. मग म्हणाले, "हे बघा, आज त्यांना सांगितलं तर ते आत्ता निघतील. सोमवारी दिल्लीवाल्यांसमोर मी उभा राहून काय आरती ओवाळू? विमानही सोमवार-मंगळवारशिवाय मिळायचं नाही. चाचणी झाली की तुम्हीच सांगा."

"पण साहेब, कागदावर आजची तारीख आहे."

"हा कागद इथे वाचता कोणाला येतो?"

"मला."

"मग झालं तर. तुम्ही तो सोमवारी वाचलात."

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की मला हुकूम झाला होता. हुकूम झालाच होता. पण त्या खोलीतून बाहेर पडताना माझ्या मनात डिसेंबर होता, माझे सहा महिने संपायचा महिना, हेही खरं आहे. विमान खरंच नाही का, हे विचारायला एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. शनिवारी मुंबईहून एक विमान होतं, हे मला नंतर कळलं.

इंजिनिअर यंत्राखाली उताणे पडले होते. माझे पाय दिसताच आतूनच त्यांनी विचारलं, "बाईसान, आज टेलेक्स आला?"

"आला," मी म्हटलं. "सुट्या भागांबद्दल होता. पुढच्या आठवड्यात जहाजावर चढतील."

ते वाक्य मी एकही चूक न करता बोलले. क्रियापदाचं आदरार्थी रूपसुद्धा बरोबर आलं.

शनिवारी सकाळी वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. "तुमच्या जपानात भूकंप झालाय गं."

"तिकडे रोजच होतात," मी म्हटलं आणि डबा भरायला आत गेले.

रविवारी इंजिनिअरांना वेताळ टेकडी दाखवायचं आधीच ठरलं होतं. काही कारण काढून ते टाळता आलं असतं. पण टाळलं तर त्यांना संशय येईल असं मला वाटलं. एक खोटं सांभाळायला माणूस काय काय करतो! सकाळी आठला आम्ही वर चढलो. गवत हिरवं होतं. खाली सगळं शहर धुतल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. ते थेट दगडाच्या जुन्या खाणीशी गेले आणि उभ्या कापलेल्या काळ्या कड्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

"तुमची लाव्हा आंबोळीच्या पिठासारखी," ते म्हणाले. आंबोळी त्यांनी आमच्याच घरी खाल्ली होती. "पातळ. जमिनीच्या भेगांतून निघाली आणि पसरत गेली. थरावर थर, सगळे आडवे. आमची घट्ट. लांब जात नाही, तिथेच ढीग होतो. म्हणून आमचा डोंगर उंच आणि उभा."

मग कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे असलेल्या तांबड्या पट्ट्यावर त्यांनी बोट ठेवलं. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली ती माती होती. नखाने खरवडली तर निघत होती. "आमच्याकडेही मधे असे मऊ थर आहेत. ज्वालामुखीतून उडालेला, फेसासारखा हलका दगड पडतो, त्याचा थर होतो. पुढे त्यावर जड लाव्हा येऊन बसते. खालचा दगड पाणी पिऊन पिऊन चिकणमाती होतो."

"मग वरचा थर घसरत नाही?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही चांगली विद्यार्थिनी आहात," ते म्हणाले. "दक्षिण बाजूला तसं आहे. भावाला मी दर वर्षी सांगतो, पाऊस फार झाला की त्या दरीत जाऊ नकोस. तो म्हणतो, डोंगर आपला आहे." आणि ते हसले.

मी घोटभर पाणी प्यायले. मातीचं ते बोट त्यांनी रुमालाला पुसलं. त्या वेळी सांगायला हवं होतं. आम्ही दोघंच होतो, साहेब नव्हते, यंत्र नव्हतं. मी म्हटलं, "ऊन वाढतंय, उतरू या."

सोमवारी चाचणी उत्तम झाली. दिल्लीच्या लोकांनी हात मिळवले, पेढे वाटले गेले. सगळे जेवायला गेल्यावर मी तो कागद इंजिनिअरांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग पुन्हा वरून सुरुवात केली आणि पहिल्या ओळीवर थांबले.

"शुक्रवार," ते म्हणाले.

"साहेब म्हणाले म्हणून," मी म्हटलं.

क्षमा करा, असं मी आधी म्हणायला हवं होतं. जपानीत क्षमा मागायचे सात-आठ प्रकार मला पाठ होते. पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य बाहेर पडलं ते माझ्या बचावाचं.

नळाशी जाऊन त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, नखांतलं ग्रीस काढलं. मग माझ्यापुढे वाकून म्हणाले, "बाईसान, तीन दिवस तुम्हालाही जड गेले असतील." तासाभरात कंपनीची गाडी त्यांना घेऊन मुंबईला निघाली. उरलेलं काम करायला दुसरा माणूस आला. डिसेंबरात मी पक्की झाले. साहेबांनी शिफारशीत लिहिलं होतं की या अत्यंत विश्वासू आहेत.

त्याच महिन्यात मी इंजिनिअरांना पत्र लिहिलं. या वेळी क्षमा पहिल्या ओळीत मागितली. उत्तर फेब्रुवारीत आलं. भाऊ सापडले नव्हते. दरीत दगडमातीचा इतका ढीग होता की नदी अडून तिथे नवीन तळं झालं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "मी शनिवारी निघालो असतो तरी तो सापडला नसता. तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका. पण आई नदीकाठी बसून होती. कोणी उठवलं तरी उठत नव्हती. धाकटा आला की उठेन म्हणायची. मी पोचल्यावर तिने एवढंच विचारलं, तुला कधी कळलं? मी म्हणालो, सोमवारी. ते खरंच आहे. शुक्रवारचं तिला काही सांगितलं नाही."

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. दोन-तीनदा कागद घेऊन बसले. त्यांनी आईपासून माझी गोष्ट लपवली होती, त्यावर आभार मानायचे की आणखी क्षमा मागायची, हे मला ठरवता आलं नाही. मग वर्ष गेलं, आणि इतक्या उशिरा काय लिहायचं, असं झालं.

मी त्याच भाषेवर पुढची तीस वर्षं काढली. भाषांतरं केली, शिकवलं. निवृत्त झाल्यावर नवऱ्याबरोबर जपानला गेले आणि मुद्दाम वाट वाकडी करून ओन्ताकेला गेले. हे सगळं त्याला मी लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. ऐकून तो म्हणाला होता, "तू चोवीस वर्षांची होतीस." तेव्हापासून मी तो विषय काढला नव्हता.

डोंगराच्या दक्षिण अंगावर मोठा उघडा व्रण होता. कडेकडेने झाडी चढत आली होती, पण मधली माती अजून फिकट दिसत होती. खाली ते तळं होतं. पाण्यात बुडून मेलेली झाडं तशीच उभी होती, पांढरी, फांद्या नसलेली. लोक होड्यांतून त्यांच्यामधून फिरत होते. फार सुंदर जागा होती, आणि ती सुंदर वाटल्याची मला लाज वाटली.

नवरा नकाशा उलगडून शेजारी उभा होता. "त्यांचं गाव इथून जवळच आहे," तो म्हणाला. "असतील तर ऐंशीच्या पुढचे असतील. जायचं का?"

"नको," मी म्हटलं. "बस सुटेल."

बस सुटायला अजून दीड तास होता.