आयव्हीनं उडवलेलं माझं विमान

आयव्ही माझी बायको. लढाईच्या काळात आम्ही दोघं विमानांच्या कारखान्यात होतो. मी सुतार आणि ती पंखांवर कापड शिवायची. लढाई संपली, कामं सुटली, तेव्हा मी ठरवलं, एका माणसापुरतं छोटं विमान बनवायचं, कुणालाही परवडेल असं. इंग्लंडात, सफकमधल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षं खपलो. इंजिन मोटरसायकलचं बसवलं. कापड अर्थात आयव्हीनं शिवलं.

अठ्ठेचाळीसच्या एप्रिलात आम्ही ते गावाबाहेरच्या ओसाड धावपट्टीवर नेलं. मी बसलो. तीनदा टोकापर्यंत पळवलं, पण चाकं जमीन सोडेनात. माझं वजन दोनशे पौंडांच्या वर.

"उतर," आयव्ही म्हणाली. "मी बघते."

"तू? अगं, हे शिलाई मशीन नाहीये."

लढाईआधी ती दर रविवारी क्लबात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायची, हे मी सोयीस्कर विसरलो होतो. ती बसली आणि अर्ध्या पट्टीतच वर गेली. दोन फेऱ्या मारून अलगद उतरली. जमलेल्या लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. वर्तमानपत्रात फोटो आला तो तिचाच. कडेला माझं नुसतं कोपर.

माझं डोकंच फिरलं. एक कारखानदार विमान बघायला आला, तोही तिच्याशीच बोलत राहिला. त्याला मी सांगितलं, "रचनेत दोष आहे, विकायचं नाही." दोष कसला, काही नव्हता. आठवड्याभरात इंजिन काढून मी विहिरीच्या पंपाला लावलं. आयव्हीनं कारण विचारलं नाही. ती पुन्हा क्लबात जाऊ लागली, पुढे तिथेच शिकवू लागली. विमानात कोंबड्या राहायला आल्या.

वीसेक वर्षांनी जुन्या विमानांच्या शोधात फिरणारे एक मास्तर दारात आले. सांगाडा बघून झाल्यावर आम्ही चहाला बसलो.

"हे उडवलं कुणी होतं?"

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

आयव्ही चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही. "सांग ना त्यांना, विल्फ, वरून आपलं घर कसं दिसतं ते."

मास्तर वही उघडून वाट बघत होते. शेवटी म्हणालो, "हिनं उडवलं. माझं वजन त्याला उचलेना."

मास्तरांनी लगेच खुर्ची तिच्याकडे वळवली. ती वाऱ्याचं, कौलांचं, लांबच्या समुद्राचं सांगत गेली. मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. ऐकताना पोटात पूर्वीइतकंच जळत होतं, पण उठून गेलो नाही.